आतल्या बाजूची शिवण

ऐतिहासिक देखाव्यातला सरदार लांबूनच ओळखू येतो. लालभडक मखमली अंगरखा, त्यावर यंत्राने टीप मारलेली सोनेरी लेस, टोपीसारखी डोक्यावर बसवायची पगडी, कमरेला चकचकीत शेला. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे खपून जाते; तिथे पोराला घटकाभर सरदार व्हायचे असते, एवढेच. पण हाच पोशाख संग्रहालयात काचेआडच्या पुतळ्यावर चढला, की खालची ‘पेशवेकालीन सरदार’ ही पाटी माणसे पुराव्यासारखी वाचतात. वास्तविक ती मखमल पॉलिएस्टरची, म्हणजे विसाव्या शतकातली. रंग कारखान्यातला, आणि डांबरापासून काढलेल्या रंगांचा धंदा सुरू झाला तो विल्यम पर्किनला १८५६ साली जांभळा रंग सापडल्यावर. तोवर पेशवाई बुडून अडतीस वर्षे झाली होती. शिवणयंत्राचा प्रसारही त्याच सुमाराचा. अशा पोशाखात अठराव्या शतकातले काय उरते, तर पाटीवरचे नाव. संग्रहालयासाठी वेश करायचा तर सूत, रंग आणि बेत (म्हणजे कापड कापण्याची आखणी) आधी ठरले पाहिजेत, नक्षी आणि झगमगाट मागाहून. आपल्याकडे बहुधा उलटे होते.

उलटे होण्याचे कारण आपल्या डोळ्यांना लागलेल्या सवयीत आहे. मराठी माणसाच्या मनातला ‘ऐतिहासिक’ पोशाख घडवला तो संगीत नाटकांनी, राजा रविवर्म्याच्या १८९४ साली सुरू झालेल्या छापखान्यातून घरोघर गेलेल्या तसबिरींनी, नंतर बोलपटांनी आणि कॅलेंडरांनी. समकालीन साक्ष निराळीच दिसते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईत उतरला आणि पुण्यात त्याने सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे काढली. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने रंगवलेला १७९० च्या पेशवे-इंग्रज तहाचा दरबार लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यात दाटी आहे ती पातळ पांढऱ्या अंगरख्यांची. दख्खनच्या उन्हाळ्यात मखमल घालून दिवसभर दरबारात बसणे किती सुखाचे, हा विचार एरवीही सुचायला हरकत नव्हती. मात्र चित्रावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. डॅनियलने ते पूर्ण केले १८०५ साली, इंग्लंडात, दुसऱ्याच्या कागदांवरून. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातले मुंबईच्या रहिवाशांचे मातीचे पुतळे आणि पगड्यांचे नमुने फार मोलाचे. पण ते ब्रिटिश अमदानीतल्या मुंबईचे साक्षीदार आहेत, शनिवारवाड्याचे नव्हेत. पुरावा कुठवर नेता येतो ते ठरवणे हे शिवणकामाच्या आधीचे काम आहे. साधी बंद बांधायची बाजू घ्या. मुघल चित्रांत हिंदू दरबारी जाम्याचे बंद डाव्या काखेत बांधतात, मुसलमान उजव्या. शिंप्याने चित्र उलटे धरले तर पुतळ्याचा धर्म बदलतो!

चित्र बाहेरचे दाखवते, आतले नाही. ते कळायला टिकून राहिलेले वस्त्र उलटून पाहावे लागते. इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नोल्ड या विदुषीने आयुष्यभर हेच केले. जुन्या पोशाखांची मापे तिने टाक्याटाक्यापर्यंत घेतली, त्यांचे बेत कागदावर काढले आणि १९६४ पासून पुस्तकांतून छापले. तिकडची संग्रहालये आणि नाट्यगृहे आजही तिच्या आधाराने शिवतात. आपल्या अंगरख्याला ही नजर लावली की पहिली गोष्ट कळते ती पन्ह्याची. हातमागावर धोटा या हातातून त्या हातात जात असे, म्हणून कापडाची रुंदी विणकराच्या हातांच्या आवाक्याने ठरे. त्या पन्ह्यात बसतील असे सरळ तुकडे आणि तिरप्या कळ्या काढायच्या, कापड वाया जाऊ द्यायचे नाही, हा जुन्या शिंप्याचा हिशोब. बगलेत एक चौकोनी तुकडा जोडला की हात मोकळा वर जातो. आजचा शिंपी मोठ्या पन्ह्याचे कापड घेऊन कोटासारखा गोल मुंढा कापतो आणि वरून बंद लावतो. समोरून दोन्ही सारखेच दिसतात. हात उचलला की दुसरा अख्खा वर ओढला जातो. असा अंगरखा घालून तलवार उपसायची कशी? बेत चुकला की माणसाची बसण्याउठण्याची ढबही चुकते आणि मग पुतळा उभा करणाऱ्यालाही ती चुकीचीच करावी लागते.

रंगाबाबत तर दोन परस्परविरोधी चुका होतात. एक भडक कारखानी रंगांची. दुसरी त्याहून फसवी, कारण ती अभ्यासू दिसते: जुने म्हणजे फिकट, मातकट असे धरून चालण्याची. पेटीतले जुने वस्त्र फिकट दिसते ते दोनशे वर्षांनी. नव्याने रंगवले तेव्हा मंजिष्ठाचा लाल चांगला सणसणीत असतो. हिरव्यासाठी एकच सोयीचा रंग नव्हता. कापड आधी निळीत बुडवायचे आणि वर हळदीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा चढवायचा. पिवळा उजेडाने आधी उडतो, नीळ टिकते. म्हणून आज निळसर दिसणारा जुना काठ मुळात हिरवा असू शकतो आणि त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रामाणिकपणे चूक करतो. जरीचेही तसेच. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. तिला वजन असते. पदर त्या वजनाने पडतो. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीची जर चमकते जास्त आणि पडते मात्र कागदासारखी.

आता सगळ्यात अवघड जागा. जे टिकले ते कोणाचे टिकले? श्रीमंताघरचे, आणि तेही सगळे नाही. जीर्ण पैठणी जाळून चांदी काढून घेण्याची रीत होती, त्यात कितीतरी गेल्या. आणि साधे लुगडे? ते विटले की त्याचे दंड व्हायचे, मग फडकी, आणि बाकीचे गोधडीच्या थरांत. मराठी मुलुखातल्या कष्टकरी बाईचा पोशाख हरवलेला नाही, तो शेवटच्या धाग्यापर्यंत वापरला गेला आहे. म्हणून आपल्या दालनांत दहा सरदारांमागे एखादी कुळंबीण दिसते, तीही बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रावरून उचललेली. यावर उपाय आहे. वस्त्र उरले नसले तरी कसब काही ठिकाणी उरले आहे. घोंगडी अजून दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली मिळते. सरदाराच्या खोट्या जरीपेक्षा मेंढपाळाच्या खांद्यावरची ती घोंगडी दालनातली सर्वांत खरी वस्तू ठरेल, आणि स्वस्तही.

खर्चाचा आक्षेप येतोच: दहा फुटांवरून पाहणाऱ्याला आतली टीप कुठे दिसते? टीप दिसत नाही हे खरे, पण तिचा परिणाम दिसतो. घेर कसा पडला, बंद कुठे ताणला, हे लांबूनही कळते. तरीही पैसा मर्यादित असेल तर वीस पुतळ्यांऐवजी तीन करावेत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शंभर टक्के अचूकता अशक्य. कापसाच्या जाती बदलल्या, ढाक्याची जुनी मलमल ज्या कपाशीची होती ती आज सहजी मिळत नाही, मग एवढा अट्टहास कशाला? याला उत्तर पाटीवर द्यायचे. कापड हातमागाचे, सूत गिरणीचे. बेत अमुक वस्त्रावरून. बाहीची लांबी चित्रावरून. कमरबंदाचा रंग अंदाजाने. एवढे लिहिले की पोशाख तपासता येतो, पुढच्या अभ्यासकाला खोडता येतो. गिरणीचे सूत हा दोष नाही, ते लपवणे हा दोष आहे. आणि मूळ वस्त्रेच का मांडू नयेत, असे विचारणाऱ्यांनी संग्रहालयांचा दंडक आठवावा: कापडावर ५० लक्सच्या वर उजेड नको, आणि तोही कायमचा नको. मुळांना अंधारात विसावा मिळावा म्हणून तर नकला करायच्या.

अर्थात नक्कलही विटणारच. कुसुंब्याचा गुलाबी हे त्याचे टोक. फुलातला पिवळा आधी पाण्याने धुऊन टाकायचा, मग खाराने लाल सोडवायचा आणि लिंबाच्या आंबटाने तो कापडावर बसवायचा. एवढ्या खटाटोपाने चढलेला रंग उन्हाने उडतो आणि खाराच्या पाण्यात उतरतो. त्या काळी तो उतरला की वस्त्र पुन्हा रंगाऱ्याकडे जाई, त्यात कोणाला वावगे वाटत नसे. दालनातले कुसुंबी पागोटेही काही वर्षांनी फिके पडेल. तेव्हा पक्का रासायनिक गुलाबी देण्याचा मोह आवरून ते पुन्हा कुसुंब्यातच बुडवायचे, तर संग्रहालयाच्या पगारपत्रकावर पहारेकरी आणि लेखनिक यांच्या खाली एक नाव रंगाऱ्याचेही हवे.