पाचवा मसुदा

दिवाळी अंकासाठी लेख मागणाऱ्या एका संपादकांनी गेल्या महिन्यात मोठ्या आदराने मला कळविले, की आपण मुद्दे तेवढे पाठवावेत, वाक्यांचे काम यंत्र करील. त्यांचा हेतू माझे श्रम वाचविण्याचा होता. परंतु ज्या श्रमांनी मला घडविले तेच निरुपयोगी ठरल्याचे ऐकून मन व्यथित झाले, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदांचे रुमाल मी पुन्हा सोडले.

महाविद्यालयातील कविता आणि निवृत्तीनंतरची सदरे यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. माझी खरी उमेदवारी १९७२ ते १९८२ या दशकात झाली. १९७२ च्या भीषण दुष्काळात मी तहसील कचेरीत कारकून होतो. दिवसा दुष्काळी कामांचे हजेरीपट तपासावेत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात लिहीत बसावे, असा क्रम होता. एक साप्ताहिक माझे लिखाण एक अक्षरही न बदलता छापीत असे. त्या सहज लाभलेल्या कौतुकाने माझी दोन वर्षे वाया घालविली, हे आज स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याच धुंदीत दुष्काळावर बावीस पानांचा लेख लिहून मी एका मासिकाकडे धाडला. धरित्रीचे विदीर्ण हृदय, नभाचे निष्ठुर मौन, सारे काही त्यात होते.

महिन्याने लेख परत आला. समासात शिसपेन्सिलीने एकच शेरा होता : ‘खडी फोडणाऱ्या बाईचे हात कसे होते?’

मजुरीवाटपाच्या दिवशी जिचा अंगठा मी स्वतः शाईत टेकवून कागदावर उमटविला होता, तिचे हात मी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन पाहिले, तेव्हा चिंध्यांनी बांधलेली, सुकडीचा घास धरतानाही पुरती न मिटणारी तिची बोटे दिसली. मसुदे एकामागून एक परत येत राहिले. पाचवा छापला गेला तेव्हा तो सहा पानांचा होता, आणि हृदय व नभ दोन्ही त्यातून गेली होती. पुनःपुन्हा लिहावे लागते त्याच्या ठायी प्रतिभाच नाही, असे आमच्या अभ्यासमंडळातले एक विद्वान मला ऐकवीत. त्यांना त्या वेळी उत्तर देता आले नाही, ते आज देतो. त्या पाच मसुद्यांनंतर एखाद्या अर्जावर ‘नामंजूर’ असा शेरा मारण्यापूर्वी माझी लेखणी थबकू लागली, आणि अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावाचून ती पुढे सरकेनाशी झाली. प्रतिभेने हे मला दिले नसते.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली फेरलेखनाला प्रतिष्ठा मिळवून देणारे ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडले. लेखकाकडून अधिक मागण्यातच त्याचा सन्मान आहे, असे मानणारी संपादकांची ती पिढी हळूहळू लोपली. आता मजकुराची मुदत विचारली जाते, मजकुराविषयी प्रश्न विचारला जात नाही.

त्या संपादकांना मी नम्र नकार कळविला. मुद्दे पाठविणे मला शक्यच नव्हते. कारण लिहावयास बसण्यापूर्वी ते माझ्यापाशी कधी नसतातच. १९७२ साली कोणी मागितले असते, तर विदीर्ण हृदय आणि निष्ठुर नभ एवढेच मी पाठविले असते, आणि त्या बाईचे हात मला आजन्म दिसले नसते.