धर्मादाय सायकलफेरी आणि तिची पूर्वतयारी

एखाद्या सत्कार्यास पैसा द्यावयाचा असेल तर तो सरळ द्यावा. त्यासाठी कोणी शंभर किलोमीटर सायकल हाकीत जाण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येतो. प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर मात्र मनुष्यस्वभावात आहे. दूरच्या रुग्णालयास किंवा संशोधनसंस्थेस आपण ओळखत नसतो. आपण ओळखतो तो शेजारच्या बिऱ्हाडातील किंवा कचेरीतील मनुष्य. तो जेव्हा सांगतो की, "मी हे अंतर माझ्या पायांनी तोडणार आहे, तुम्ही ह्या कार्यास काही द्या," तेव्हा त्याच्या मागणीस कष्टाचे तारण मिळते. देणारा त्या तारणावर विश्वास ठेवतो. म्हणूनच अशा फेरीत उतरणाऱ्या हौशी सायकलस्वाराने तयारी कशी करावी, हा केवळ व्यायामाचा प्रश्न राहत नाही. तो दिलेला शब्द पाळण्याचा प्रश्न होतो.

ह्या प्रथेचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सापडते. बिली स्टार ह्या तरुणाची आई 1974 मध्ये त्वचेच्या कर्करोगाने निवर्तली. 1980 मध्ये त्याने पुढाकार घेतला आणि 36 सायकलस्वार स्प्रिंगफील्डपासून समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत गेले. त्यांनी डाना-फार्बर ह्या बोस्टनच्या कर्करोगसंस्थेसाठी 10,200 डॉलर जमविले. ती फेरी पुढे 'पॅन-मॅस चॅलेंज' म्हणून दर वर्षी निघू लागली आणि 2024 अखेर तिने मिळवून दिलेली एकूण रक्कम एक अब्ज डॉलरांच्या वर गेली. तेथील नियम ध्यानात घेण्याजोगा आहे: स्वाराने ठराविक किमान रक्कम जमविण्याचे वचन द्यावयाचे, आणि ती कमी पडली तर उरलेली स्वतःच्या खिशातून भरावयाची.

आपल्याकडे पैशापेक्षा विचाराची भिक्षा मागत सायकली फिरल्या आहेत. बाबा आमटे ह्यांच्या प्रेरणेने 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या 'भारत जोडो' यात्रेत तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. पाठीच्या विकारामुळे बसणे अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर प्रवास करीत होते. हेतू निराळा असला तरी शरीर झिजवून लोकांच्या दारी जाण्याची वृत्ती तीच.

आता तयारीकडे वळू. उदाहरणादाखल लंडन ते ब्रायटन ही प्रसिद्ध फेरी घेऊ. हृदय व रक्ताभिसरण ह्यांच्या विकारांवरील संशोधनास पैसा पुरविणाऱ्या, 1961 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी ती निघते. अंतर 54 मैल, म्हणजे सुमारे 87 किलोमीटर. अंतर एकवेळ सोसवेल. खरी परीक्षा आहे ती डिचलिंग बीकन ह्या टेकडीची. ब्रायटन हाकेच्या अंतरावर आले असे वाटू लागावे, तोच ही 248 मीटर उंचीची टेकडी समोर उभी राहते. सुमारे दीड किलोमीटरात रस्ता 140 मीटरांच्या आसपास वर चढतो. पाय ताजे असताना ह्या चढाचे फारसे काही वाटणार नाही. पण तो सत्तर किलोमीटरांनंतर येतो. अनेक हौशी स्वार तेथे खाली उतरून सायकल हाताने ढकलीत नेतात, आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

कचेरीत बैठे काम करणाऱ्या चाळिशीतील मनुष्यास ह्या अंतरासाठी बारा आठवडे पुरतात. मात्र आरंभी वैद्याकडून तपासून घ्यावे. छातीत दुखणे, धाप लागणे, रक्तदाब अशी पूर्वपीठिका असेल तर ते टाळूच नये. हृदयरोग्यांसाठी निघालेल्या फेरीत स्वतःच्या हृदयाकडे दुर्लक्ष करणे शोभणारे नाही.

आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवावी: दोन दिवस पाऊण ते एक तास, आणि सुटीच्या दिवशी एक लांब फेरी. लांब फेरीचे मान असे ठेवता येईल. पहिल्या तीन आठवड्यांत 20, 25 आणि 30 किलोमीटर. चौथ्या आठवड्यात पुन्हा 20. पुढील तीन आठवड्यांत 36, 43 आणि 50, आठव्यात 35. नवव्यात 58, दहाव्यात 67, अकराव्यात 45, आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्यक्ष फेरी. सरावात आधीच्या सर्वांत लांब फेरीपेक्षा होणारी कोणतीही वाढ दहा किलोमीटरांच्या आत आहे आणि चौथ्या, आठव्या व अकराव्या आठवड्यात माघार आहे, हे श्रोत्यांच्या लक्षात आले असेल.

ही माघार आळसासाठी नाही. व्यायामाने शरीर बळकट होते असे आपण म्हणतो. वस्तुतः व्यायामाने ते थकते, आणि बळकट होते ते विश्रांतीत. त्या काळात स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे घटक वाढतात, आणि हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा अधिक रक्त पुढे लोटू लागते. ह्या घडामोडींस आठवडे लागतात. शेवटच्या चार दिवसांत जीव तोडून सायकल चालविल्याने त्या साधत नाहीत. उलट शिणलेले पाय घेऊन मनुष्य आरंभरेषेवर येतो. दहाव्या आठवड्यात 67 किलोमीटर झाले म्हणजे अंतराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग शरीराच्या परिचयाचा झाला. उरलेला भाग त्या दिवशीचा उत्साह आणि सोबत पार पाडतात.

वेग किती असावा? ह्याला घड्याळापेक्षा सोपे माप आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्याच वेगाने बहुतेक फेऱ्या कराव्यात. शब्द तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. आठवड्यातील एका लहान फेरीत मात्र चढाचा सराव करावा. जवळ टेकडी असेल तर उत्तम. सपाट गावात उड्डाणपूल किंवा समोरचा वारा हेही काम देतात. वेग वाढतो तसा हवेचा विरोध फार झपाट्याने वाढतो. सपाटीवर वेग दुप्पट करावयाचा तर हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. म्हणून वाऱ्याविरुद्ध हट्ट न करता हलका गिअर टाकावा हे बरे.

नवख्या स्वाराची समजूत असते की जड गिअर दाबला म्हणजे व्यायाम चांगला होतो. त्यात गुडघ्यांवर भार येतो. मिनिटास ऐंशीच्या आसपास पॅडल फिरेल असा हलका गिअर ठेवावा. सीटची उंचीही पाहावी: पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकविली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असल्याने उद्भवणारे गुडघेदुखीचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि त्यांवरचा उपाय एका पान्याने होण्यासारखा असतो.

आहाराविषयी दोन शब्द. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत संपत येतो. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय जड होतात. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासास 30 ते 60 ग्रॅम पिष्ट किंवा शर्करा पोटात जावी. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असते; खजूर, गूळ, चिक्की हेही सोयीचे. आपल्या उन्हात घाम फार जातो. तेव्हा नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखरेचे लिंबूसरबत घ्यावे. आणि फेरीच्या दिवशी जे खावयाचे ते लांब फेऱ्यांत आधीच खाऊन पाहावे. नवे पदार्थ आणि नवे बूट ह्यांची ओळख त्या दिवशी करून घेऊ नये.

सराव पहाटे करावा, पण अंधार असेल तर पुढे-मागे दिवा हवा. शिरस्त्राण नेहमीच हवे. पंक्चर काढणे आणि घसरलेली चेन बसविणे स्वतःस आले पाहिजे. ब्रेकचे रबर झिजले नाही ना, हे उतारावर कळण्यापेक्षा घरी कळलेले चांगले. हजारो सायकली एका रस्त्यावर असताना एकाच्या हलगर्जीपणाने चार जण पडतात, आणि मदतीसाठी उभ्या असलेल्या स्वयंसेवकांचे हात खऱ्या गरजूऐवजी त्याच्याकडे गुंततात.

येथे पुन्हा मूळ मुद्दा येतो. पुरी तयारी करूनही कोणास तापामुळे, अपघातामुळे किंवा चढामुळे थांबावे लागेल. त्याचा कमीपणा मानू नये. देणाऱ्यांनी पैसा दिला तो विक्रमासाठी नव्हे. परंतु तयारीच न करता त्यांच्यापुढे हात पसरणे ही निराळी गोष्ट आहे. देणाऱ्यांत कोणी महिनाअखेरीची तोशीस सोसून दिलेले असते, कोणी आपल्या घरातील आजारी माणसाची आठवण ठेवून दिलेले असते. त्यांना बारा आठवड्यांतील पहाटा दिसत नाहीत. त्यांनी त्या गृहीत धरलेल्या असतात.

म्हणून फेरी संपल्यावर एक काम उरते. सायकल पुसून भिंतीला लावावी, आणि ज्यांनी ज्यांनी दिले त्या प्रत्येकास चार ओळींचे पत्र लिहावे: एकूण किती जमले, ते कोणत्या तारखेस कोणत्या संस्थेकडे पोचले, आणि त्याची पावती कोठे पाहता येईल. हे पत्र गेले म्हणजे फेरी पुरी झाली.