आखूड पाइप म्हणजे जास्त ताकद? इनटेकबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

परभणीहून जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेडला रोज ये-जा करणाऱ्या कारमालकाला दोनच गोष्टी हव्या असतात : पिकअप आणि ॲव्हरेज. त्यासाठी कंपनीचा फिल्टरचा डबा काढून आखूड पाइप आणि उघडा फिल्टर बसवा, असा सल्ला हमखास मिळतो. पैसे घालण्याआधी इंजिन हवा कशी घेते, ते समजून घेऊ.

गैरसमज १ : पाइप जितका आखूड, तितकी ताकद जास्त.
वस्तुस्थिती : पिस्टन हवा ओढतो तेव्हा इनटेकच्या नळीत कमी दाबाची लाट उठते. ती मॅनिफोल्डच्या मोकळ्या पोकळीपर्यंत जाते आणि तिथून जास्त दाबाची होऊन परतते. व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास ती पोहोचली, तर सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबली जाते. २५ अंश तापमानाला ही लाट सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धावते. ५० सेंटिमीटरच्या नळीत जाऊन यायला तिला जेमतेम ३ मिलिसेकंद लागतात. ५,००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक पाव फेरा फिरतो, २,५०० ला त्याच्या निम्माच. म्हणून आखूड नळी वरच्या आरपीएमला साथ देते आणि लांब नळी खालच्या. लांबी ताकद वाढवत नाही, ती कोणत्या आरपीएमला मिळेल हे ठरवते. १९९१ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दा ७८७बीमध्ये तर इनटेकच्या नळ्या इंजिनच्या वेगानुसार लांब-आखूड होत.

गैरसमज २ : फिल्टरचा पाइप कापला की हाच फायदा मिळतो.
वस्तुस्थिती : लाटांचा हा खेळ मुख्यतः मॅनिफोल्डमधल्या, प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र नळीत चालतो. फिल्टर ते थ्रॉटल हा पाइप वेगळा. त्याच्याकडून हवेला होणारा अडथळा, हवेचे तापमान आणि आवाज हे मुद्दे जास्त महत्त्वाचे. टर्बो डिझेलमध्ये हवा टर्बोच दाबून भरतो, त्यामुळे तिथे नळीच्या लांबीचा प्रभाव आणखी कमी.

गैरसमज ३ : उघड्या फिल्टरला भरपूर हवा मिळते, म्हणजे इंजिन जोरात.
वस्तुस्थिती : मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते; बॉनेटखाली ६५ अंशांची हवा ओढली, तर घट १२ टक्क्यांवर जाते. पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा आणणारा कंपनीचा लांब पाइप म्हणूनच मोलाचा. शिवाय कापसाच्या हंगामातील कच्च्या रस्त्यांची बारीक धूळ हलक्या प्रतीच्या फिल्टरमधून आत गेली, तर रिंगा आणि सिलिंडर झिजतात.

गैरसमज ४ : आवाज वाढला, म्हणजे ताकद वाढली.
वस्तुस्थिती : इनटेकला जोडलेला रिकामा डबा, म्हणजे रेझोनेटर, मुख्यतः गुरगुर दाबण्यासाठी असतो. तो काढला की आवाज वाढतो. ताकद वाढली की नाही, हे ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावरच कळते.

आपल्या रस्त्यांवर कार बहुतेक वेळ १,५०० ते ३,००० आरपीएममध्ये चालते. ६,००० आरपीएमच्या फायद्यासाठी रोजचा पिकअप घालवू नका. फिल्टर वेळेवर बदला, क्लिपा घट्ट ठेवा, पाइपला चीर असेल तर तो बदलून घ्या. या हवामानात इंजिनाची ताकद आणि आयुष्य दोन्ही टिकवण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.