पूरक कोन आणि साठाचा हातचा

कोन हा गणितवाल्यांचा प्रांत, आम्हा वाणिज्य शाखेवाल्यांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण अंश-मिनिटांची वजाबाकी हा शेवटी हिशोबच आहे, म्हणून हे धाडस करतो.

प्रथम शब्दाचा घोळ. ज्या दोन कोनांची बेरीज १८०° होते त्यांना मराठी पुस्तकात ‘पूरक कोन’ म्हणतात. बेरीज ९०° असेल तर ‘कोटिकोन’. हिंदी पुस्तकात मात्र ९०° ची जोडी ‘पूरक’ आणि १८०° ची ‘संपूरक’. आमचा पांढुर्णा-सौंसर हा मराठी बोलणारा मुलूख १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला. तिथे मराठी शाळेतून हिंदी वर्गात गेलेल्या मुलाने ‘पूरक’ शब्द पाहून १८०° मधून कोन वजा केला, तर वजाबाकी बिनचूक आणि उत्तर चूक! गुण जातात ते शब्दापायी. कन्नड विभागातील मित्रांनीही आपल्या पुस्तकातील शब्द एकदा पडताळून पाहावेत.

आता रीत पाहू. पांढुर्ण्याचे रेखांश सुमारे ७८° ३१′ पूर्व. याचा मराठीतला पूरक कोन काढायचा आहे. १८०° जवळ सुटी मिनिटे नाहीत. मग ३१ कशातून वजा करायची? एक अंश मोडावा. एका अंशाची ६० मिनिटे होतात. पंचांगातल्या ‘कला’ त्या याच. म्हणून १८०° म्हणजे १७९° ६०′.

१७९° ६०′ − ७८° ३१′ = १०१° २९′

ताळा सोपा आहे. ३१ आणि २९ मिळून ६० मिनिटे, म्हणजे एक अंश. ७८, १०१ आणि १ मिळून १८०.

रुपये-पैशांच्या सवयीने १८०.०० मधून ७८.३१ वजा केले तर १०१.६९ येते. ६९ मिनिटे उरूच शकत नाहीत, हीच चुकीची खूण. १९५७ पूर्वी रुपया सोळा आण्यांचा होता, तेव्हा रुपया मोडून सोळा आणे हातचे घेणे आजोबांच्या अंगवळणी पडलेले होते. तिथे सोळा, इथे साठ, एवढाच फरक.

याचा उपयोग काय? पांढुर्ण्यातून पृथ्वीच्या मध्यातून आरपार बोगदा खणला, तर तो १०१° २९′ पश्चिम रेखांशावर, पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या ईशान्येस निघेल. समोरच्या टोकाचे रेखांश म्हणजे आपल्या रेखांशाचा पूरक कोनच!

सौंसरचे रेखांश सुमारे ७८° ४७′ पूर्व. त्याचा पूरक कोन वाचकांनी स्वतः काढावा. उत्तर १०१° १३′ आले, तर हातचा नीट घेतला असे खुशाल समजावे.