रुपया हे निमित्त

१९८६ साली भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी रोजची बचत सुरू केली. ठरलेली बाई दररोज प्रत्येक झोपडीसमोर जाऊन उभी राहायची. कुणी रुपया द्यायची, कुणी दोन, कुणी म्हणायची, आज नाही जमत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांनी आपलीच रीत काढली. प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे आणि एकेका रंगाची एकेक रक्कम ठरलेली. या बायकांच्या संघटनेचं नाव महिला मिलन.

या बचतीमागे मोठी धास्ती होती. जुलै १९८१मध्ये, भर पावसात, फुटपाथवरच्या झोपड्या तोडून माणसांना मुंबईबाहेर काढण्याचा निर्णय सरकारने घेतला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर अर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. पण नोटीस देऊन झोपड्या हटवायला त्याने मनाईही केली नाही. पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली, इतकंच. कायद्याच्या पुस्तकात हा निकाल मोठ्या मानाने शिकवला जातो. फुटपाथवरच्या बाईला मात्र त्यातली तारीख तेवढी कळत होती : ३१ ऑक्टोबर.

त्याच सुमारास शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये उभी केलेली ‘स्पार्क’ ही संस्था भायखळ्यात काम करत होती. फुटपाथवर नेमकी किती माणसं राहतात, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. संस्थेने वस्तीतल्या बायकांच्या साथीने मोजणी केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची नोंद झाली. पुढे जॉकिन अरपुथम त्यांना येऊन मिळाले. ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीसाठी ते वर्षानुवर्षं लढले होते. १९७६मध्ये ती कॉलनी उठवली गेली आणि माणसं चिता कॅम्पला गेली. मोर्चा काढून घर वाचत नाही, त्याआधी वस्ती एकमेकांना धरून असावी लागते, हा धडा त्या पराभवातून मिळालेला होता.

रोजच्या बचतीचं खरं मोल इथे आहे. महिन्यातून एकदा पैसे गोळा केले असते तर रक्कम तेवढीच जमली असती. पण रोज गेल्यामुळे कुणाचं पोर तापाने फणफणलंय, कुणाचं काम सुटलंय, कुणाला नवऱ्याने मारलंय, हे त्याच दिवशी कळायचं. कर्ज कुणाला द्यायचं हे त्याच बायका ठरवायच्या. बँक कागद मागते आणि सावकार दागिना. इथे शेजारणीची माहिती हेच तारण होतं. रेशनकार्डाच्या रांगेत आणि पोलिस चौकीत एकटीने न जाता दहाजणींनी मिळून जायचं, ही सवयही याच फेरीतून लागली.

पूर आला, आग लागली, टाळेबंदी झाली की आपण धान्याची पाकिटं वाटतो. ते करायलाच हवं. पण तिथे देणारा एका बाजूला असतो आणि घेणारा दुसऱ्या. संकट ओसरलं की याद्या मोबाइलमध्ये पडून राहतात. महिला मिलनमध्ये आज देणारी बाई उद्या घेणारी असते, त्यामुळे कुणाची मान खाली जात नाही. मला वाटतं, दानधर्म आणि संघटना यांच्यातला फरक इथेच आहे.

या बायकांनी पुढे घराचा आराखडाही स्वतःच केला. साडीने मापं घेतली, माळा काढता येईल इतकी उंची धरली, खऱ्या आकाराचे नमुने उभारले आणि ते पाहायला अधिकाऱ्यांना बोलावलं. कालांतराने मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. १९९९नंतर पुणे महापालिकेने वस्त्यांमध्ये सार्वजनिक शौचालयं बांधायला घेतली, तेव्हाही हीच मंडळी पुढे होती. मुलांसाठी वेगळी जागा आणि राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली, या सूचना रोज रांगेत उभं राहणाऱ्या बाईलाच सुचू शकतात.

या वाटेवर टीकाही झाली. सरकारशी बोलणी करत राहिल्याने घरं हलवण्याच्या योजनेला आपसूक संमती मिळाली, असं काही अभ्यासक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. मानखुर्दहून भायखळ्यातल्या घरकामाला पोचायचं तर वेळ आणि भाडं दोन्ही जातं. तरी सरकारशी न बोलता त्या कुटुंबांना छप्पर मिळालं असतं, हे मला पटत नाही.

रेल्वेरुळांलगतच्या हजारो कुटुंबांचं पुनर्वसन झालं, तेव्हा शेजारच्या घरांचे गट करून, त्यांच्या सहकारी संस्था करून माणसं एकत्र हलवण्याची पद्धत या संघटनांनी लावून धरली. आज मुंबईत पुनर्विकासाच्या सभांमधून चौरस फूट आणि पात्रता यादी यांवर तासन्‌तास वाद होतात. कोण कुणाच्या शेजारी राहणार, हे सोडतीतल्या चिठ्ठीवर सोडलं जातं. कॉर्पस फंडाच्या आकड्याइतक्याच जोरात हा प्रश्न रहिवाशांनी करारावर सही करण्याआधी विचारायला हवा, कारण चिठ्ठी निघाल्यावर तो विचारायला जागाच उरत नाही.