साहेबांनी बोलावलंय, पण लेखी आदेश कुठे आहे?

विसर्जन मिरवणुकीत हवालदार म्हणाला, ‘गाडी इथून पुढे न्यायची नाही’, तर ती नेऊ नये. रस्त्यावर हुज्जत घालण्यात काहीच हाशील नसते. पोलिसाने कर्तव्य बजावताना दिलेली वाजवी सूचना पाळलीच पाहिजे, असे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 68 सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 172 मध्येही तसेच बंधन आहे. सूचना धुडकावणाऱ्याला पोलीस तिथून हलवू शकतात, ताब्यातही घेऊ शकतात. अदखलपात्र गुन्हा पोलिसासमोर करून नाव-पत्ता सांगायला नकार दिला, तर तेवढ्यावरूनही अटक होऊ शकते.

‘साहेबांनी ठाण्यात बोलावलंय’ हा निरोप मात्र वेगळा. इथे आपण कागद मागायचा, नम्रपणे पण नक्की मागायचा. साक्षीदाराला बोलवायचे तर याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे लेखी आदेश लागतो. स्त्रिया, साठीपुढचे आणि पंधरा वर्षांखालचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्याकडे जायचे. (घरातल्या आजीला हे आवर्जून सांगा.) जबाब खरा द्यावा लागतो, मात्र ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू, ते न देण्याचा हक्क आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो.

संशय आपल्यावरच असेल आणि अटकेची गरज नसेल, तर संहितेच्या कलम 35 ची नोटीस येते. ती आली की हजर राहायचेच. टाळाटाळ केली तर अटकेला कारण मिळते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले.

अटकेच्या वेळच्या नियमांमागे एक पत्र आहे. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतील मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून 1996 मध्ये निकाल आला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसले पाहिजे, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी, घरच्यांना कळवले पाहिजे, वकिलाला भेटता आले पाहिजे. हे आता कायद्यातच आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायालयापुढे उभे करावे लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अटकेची कारणे त्या माणसाला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची.

थोडक्यात, अटक समोरासमोर आणि कागदानिशीच होते. म्हणूनच पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर केलेली ‘डिजिटल अटक’ शुद्ध फसवणूक आहे. असा फोन तत्काळ तोडा आणि 1930 वर तक्रार करा.

स्त्रियांना आणि कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.