मैदान आखण्याआधी वही
पूर्व विदर्भातील गावोगावची कबड्डी मंडळे कशी उभी राहतात, कशी चालतात आणि कशामुळे मोडतात

धानाची कापणी आटोपली, चुरणे झाले, मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की कोहमाऱ्याच्या चौकात फलकांची गर्दी होते. मुंबई-कोलकाता महामार्ग इथून जातो. एक रस्ता गोंदियाकडे निघतो, दुसरा नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावकडे. सडक अर्जुनी तालुक्यातल्या बहुतेक गावांचा माणूस कधी ना कधी या चौकात बससाठी उभा राहतो, म्हणून प्रत्येक गावाला आपला फलक इथेच लावायचा असतो. रात्रीच्या नाटकाचा फलक, शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, फलक आणि त्यांच्या बाजूला ‘भव्य कबड्डी स्पर्धा’. पहिले बक्षीस, दुसरे बक्षीस, प्रवेश फी, वजनगट, संपर्काचे क्रमांक. खाली उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्यांची लांबलचक यादी.

ज्यांच्या जिवावर ही स्पर्धा होते, ती पोरे या यादीच्या अगदी तळाशी असतात: ‘आयोजक, समस्त मंडळ व गावकरी’. या लेखाचा विषय ती तळची ओळ आहे. स्वतःचे मैदान नाही, कार्यालय नाही, पगारी माणूस नाही, तरी दरवर्षी दोन-तीन रात्री शेकडो माणसांना धरून ठेवणारा खेळ हे लोक उभा करतात. त्यासाठी त्यांना काय करावे लागते, हे त्यांच्याच गावात फार कमी जणांना ठाऊक असते.

महिनाभराची तयारी

मंडळात असतात ती शेती करणारी, दुकान चालवणारी, ऑटो हाकणारी, नाहीतर नागपूर-हैदराबादला कामाला जाऊन सणासुदीला परतणारी पोरे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ही पदे कागदावर असतात. प्रत्यक्षात दोघे-तिघे धावपळ करतात आणि बाकीचे त्यांच्या हाकेला येतात.

पहिली बैठक तारखेसाठी. शेजारच्या गावाची स्पर्धा, आपल्या गावचे नाटक, आठवडी बाजार, शाळेच्या परीक्षा, लग्नाची तिथी हे सगळे टाळून दिवस काढायचा. तारीख चुकली की संघ येत नाहीत आणि संघ आले नाहीत तर प्रवेश फी बुडते. त्यानंतर कामे वाटली जातात. एकाकडे मैदान, एकाकडे वीज आणि मंडप, एकाकडे संघांना फोन, एकाकडे जेवण. बक्षिसांसाठी देणगीदार शोधायचे. अनेक बक्षिसे कुणा दिवंगत आप्ताच्या स्मृतीसाठी दिली जातात. वडिलांच्या नावाचा चषक गावासमोर दिला जावा, ही भावना या वर्गणीमागे असते आणि तिचा मान राखणे हे मंडळाचे कर्तव्यच आहे.

ग्रामपंचायतीचे पत्र आणि पोलीस ठाण्याची परवानगी ही पुढची पायरी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. गावची कबड्डी मात्र रात्रीच रंगते. जाणती मंडळे म्हणून सामने दुपारीच सुरू करतात आणि रात्री दहानंतर पंचांच्या शिटीवर खेळ चालवतात.

दोरी, खिळे आणि चुना

मैदान आखणे हे या सगळ्यातले सर्वात देखणे काम. धानाच्या रिकाम्या बांधीतली नाहीतर शाळेच्या पटांगणातली जागा निवडायची. धसकटे आणि खडे वेचून काढायचे, माती भुसभुशीत करायची, पाणी शिंपडायचे, रोलर फिरवायचा. माती फार ओली राहिली तर पाय घसरतो, फार कोरडी झाली तर गुडघे सोलवटतात.

मग दोरी. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचे १२ बाय ८. चार कोपऱ्यांना खिळे ठोकून दोरी ताणली म्हणजे चौकोन झाला असे नाही, तो तिरपा असू शकतो. त्यावर उपाय एकच: दोन्ही कर्ण मोजायचे. १३ बाय १० च्या मैदानाचा कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर भरतो. दोन्ही सारखे आले की कोन काटकोन झाला. शाळेतले पायथागोरसचे प्रमेय इथे चुन्याने लिहिले जाते. त्यानंतर मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणखी एक मीटर पुढे बोनस रेषा, दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची राखीव पट्टी. रेषा वितभर चुकली तर चढाईपटूचा गुण चुकतो आणि भांडणाला तोंड फुटते. म्हणून दोरी धरणारा माणूस मंडळात वर्षानुवर्षे एकच असतो.

वजनकाटा आणि न्याय

गावच्या स्पर्धेतला खरा वाद मैदानाबाहेर, वजनकाट्यापाशी होतो. राष्ट्रीय स्पर्धांत प्रौढ पुरुषांसाठी वजनाची मर्यादा ८५ किलो असते. गावात एवढ्याने भागत नाही. नववीतला पोरगा आणि पोती उचलणारा गडी समोरासमोर आला तर खेळ उरत नाही. म्हणून कमी वजनाचा गट वेगळा आणि खुला गट वेगळा ठेवतात. संघ आला की खेळाडू ओळीने काट्यावर चढतात. बूट काढ, पट्टा काढ, खिसे रिकामे कर. काटा पाव किलोने पुढे गेला की संघनायक हात जोडतो आणि आयोजकाला नाही म्हणावे लागते. तिथे एकाला सूट दिली तर पुढच्या प्रत्येक संघाला द्यावी लागते. दुसरा वाद बाहेरच्या खेळाडूंचा. आधारकार्ड पाहून गावची खात्री करायची की कुणालाही खेळू द्यायचे, हे फलक छापण्याआधी ठरलेले असेल तरच स्पर्धा शांततेत पार पडते.

बलवान आणि दुबळा यांना एका मैदानावर कसे आणायचे, हा हौशी खेळांचा जगभरचा प्रश्न आहे. इंग्लंडमधल्या हौशी गोल्फ सोसायट्या हेच कोडे सोडवतात. त्यांच्यापैकी बहुतेकांकडेही स्वतःचे मैदान नसते. मित्र, सहकारी, एखाद्या गुत्त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक एकत्र येतात, वार्षिक वर्गणी काढतात, वेगवेगळ्या क्लबांची मैदाने एका दिवसापुरती घेतात. संघनायक साधारण एका वर्षासाठी निवडतात, मग पद दुसऱ्याकडे जाते. प्रत्येक खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला ठरावीक फटक्यांची सवलत मिळते. तिला हँडिकॅप म्हणतात. फ्रँक स्टेबलफोर्ड या डॉक्टरांच्या गुणपद्धतीवर १९३२ साली वॉलसी इथे स्पर्धा झाली. त्या पद्धतीत एका छिद्रावरचा खेळ बिघडला तर तेवढेच गुण जातात, सगळा दिवस वाया जात नाही. म्हणून नवखा माणूसही शेवटपर्यंत खेळत राहतो. सवलतीचा हिशेब लिहून ठेवण्याचे काम एका सभासदाकडे सोपवलेले असते. २०२० पासून तर या सवलतीसाठी जागतिक पद्धत लागू झाली आहे. आपले वजनगट हे त्याच न्यायाचे देशी रूप आहे. फरक एवढाच की त्यांची नोंद वर्षानुवर्षे टिकते, आपली वजनाची चिठ्ठी स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी हरवते.

नियमांमागची माणसे

आज आपण जी कबड्डी खेळतो, तीही लिहून ठेवणाऱ्यांनीच घडवली. महाराष्ट्रात हुतूतू नावाने हा खेळ संजीवनी, अमर अशा वेगवेगळ्या प्रकारांनी गावोगाव चालायचा. गडी बाद झाला की कुठे परत येई, कुठे येत नसे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातल्या आणि बडोद्यातल्या क्रीडासंस्थांनी नियम एकत्र केले, ते छापले, त्यांवर स्पर्धा भरवल्या. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. या सगळ्या वाटचालीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव अग्रभागी आहे आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

मोठ्या संस्थांनाही नियमांपासून सुटका नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघातल्या नेमणुका रद्द ठरवून प्रशासक बसवला. पदे एकाच घरात आणि आजन्म राहू नयेत, हा धडा गावच्या मंडळालाही तितकाच लागू आहे.

वही

मंडळ मोडते ते हरल्यामुळे नाही. मोडते हिशेबामुळे. वर्गणी किती आली, मंडपाला किती गेले, पंचांना किती दिले, उरले ते कुणाकडे आहे, हे स्पर्धेनंतर आठवडाभरात सांगितले नाही की कुजबुज सुरू होते. पुढच्या वर्षी गावात दोन मंडळे होतात, त्याच्या पुढच्या वर्षी एकही राहत नाही. बहुतेक वेळा पैसे कुणी खाल्लेले नसतात, फक्त लिहिलेले नसतात.

उपाय अवघड नाही. किमान ७ सभासद एकत्र आले तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. त्याबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक मंडळे नोंदणीपर्यंत पोहोचतात आणि इथे थांबतात. जुने पदाधिकारी कामासाठी गाव सोडून जातात, नव्यांची नोंद होत नाही, बँकेतले खाते अडकते. शासनाच्या व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाच्या अनुदान योजना आहेत, पण नोंद आणि तपासलेला हिशेब नसेल तर त्यांच्या दारापर्यंतही जाता येत नाही.

नोंदणी जमत नसेल तरी तीन गोष्टी आजच करता येतात. प्रत्येक वर्गणीला क्रमांक असलेली पावती. खाते दोघांच्या सहीचे. आणि स्पर्धा संपल्यावर आठ दिवसांत गावच्या पारावर सगळा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवणे.

प्रमाणपत्र आणि मुली

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गावच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला वाटते, इथले प्रमाणपत्र कामी येईल. ते येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शालेय क्रीडा स्पर्धांमधून वरच्या पातळीवर जावे लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. हे खेळाडूंना स्पष्ट सांगणे, जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीला आपली मुले वेळेवर पाठवणे, हे मंडळाचे खरे काम आहे. तीन रात्रींच्या चषकापेक्षा त्याची किंमत मोठी आहे.

मुलींचे तर याहून अधिक अडते. त्या शाळेत खेळतात, तालुक्याला जातात आणि दहावी-बारावीनंतर मैदान सुटते. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या स्पर्धेत त्यांना जागा नाही. मुलींचे सामने दुपारी ठेवले, एक वेगळी खोली कपडे बदलायला दिली आणि कार्यकारिणीत दोन महिलांना घेतले, तर हे चित्र बदलू शकते. त्यासाठी कुठल्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

यंदा कोहमाऱ्याच्या चौकात किंवा तुमच्या गावच्या नाक्यावर असा फलक दिसला तर सामना पाहायला जरूर जा, वर्गणीही द्या. पण देताना पावती मागा आणि स्पर्धेनंतर जमाखर्च कधी वाचणार ते विचारा. मंडळातल्या पोरांना याचा राग येऊ नये. तो प्रश्न अविश्वासाचा नाही. पुढच्या वर्षीही याच मैदानावर कबड्डी व्हावी, एवढ्यासाठीच तो विचारायचा आहे.